गुरप्रीत : मुलगा की मुलगी?

पंजाबी मैत्रिणीला नातवंड झालं, नाव 'गुरप्रीत' ठेवलं, असा निरोप येतो. आनंद होतो, पण भेट घ्यायला दुकानात गेल्यावर आपण अडतो. फ्रॉक घ्यायचा की सदरा? नावावरून काही कळत नाही.

आपल्याकडे बारशाला पत्रिकेतलं अक्षर पाहतात, आत्या बाळाच्या कानात नाव सांगते. शीख कुटुंबात आई हिंडूफिरू लागली की बाळाला गुरुद्वारात नेतात. प्रार्थना झाल्यावर गुरू ग्रंथसाहिब उघडला जातो आणि समोर येईल त्या पदाचं पहिलं अक्षर हेच नावाचं पहिलं अक्षर. ते आधी कुणालाच ठाऊक नसतं. त्यामुळे आजीने नऊ महिने मनात जपलेलं नाव कधी कधी मनातच राहतं! मग जमलेल्यांच्या संमतीने नाव जाहीर होतं. मुलगा असेल तर पुढे 'सिंग' म्हणजे सिंह, मुलगी असेल तर 'कौर'. याचा अर्थ राजकुमारी असा सांगतात.

ही नावं बहुधा दोन तुकडे जोडून होतात आणि कान जरा सरावला की अर्थ आपोआप उलगडतो. गुरप्रीत म्हणजे गुरूवर प्रीती असणारा किंवा असणारी. गुरमीत म्हणजे गुरूचा मित्र, हरलीन म्हणजे हरीत लीन झालेली. आपल्या 'य'चा पंजाबीत पुष्कळदा 'ज' होतो, म्हणून 'जस' म्हणजे आपलं यश, कीर्ती. क्रिकेटपटू जसप्रीत बुमराच्या नावात तेच आहे. सुरिंदर हा आपला सुरेंद्र, सिमरन म्हणजे स्मरण, नवजोत म्हणजे नवी ज्योत. कुलदीप, मनजीत ही नावं तर पंजाबी हिंदू घरांतही आढळतात. आणि पलटणीत भरती होणाऱ्या या मुलखाने कर्नल आणि जनरल हे इंग्रजी हुद्देही सोडले नाहीत. त्यांचे करनैल सिंग आणि जरनैल सिंग झाले!

गुरप्रीत, मनजीत, कुलदीप ही नावं मुलाला चालतात तशी मुलीलाही. मुलीसाठी वेगळं नाव शोधावं लागत नाही. पण नाव ठेवण्यासाठी मुलगी आधी जन्माला यायला हवी. २००१च्या जनगणनेत पंजाबात सहा वर्षांपर्यंतच्या हजार मुलग्यांमागे मुली होत्या फक्त ७९८. २०११मध्ये हा आकडा ८४६ झाला. सुधारणा खरी, पण दीडशेहून अधिक जागा रिकाम्याच होत्या. गर्भलिंग तपासणीला बंदी घालणारा कायदा १९९४चा आहे, हे इथे सांगायलाच हवं.

याच पंजाबात, मोग्याला, ८ मार्च १९८९ रोजी एका घरी मुलगी झाली. तिचं नाव ठेवलं हरमनप्रीत. २ नोव्हेंबर २०२५ला नवी मुंबईत भारतीय महिला क्रिकेट संघाने विश्वचषक जिंकला, तेव्हा कर्णधार तीच होती. २०२४मध्ये पॅरिस ऑलिंपिकमध्ये कांस्यपदक मिळवणाऱ्या आपल्या हॉकी संघाच्या कर्णधाराचं नावही हरमनप्रीतच. तो सिंग, ही कौर.