वैशाखातला पेट्रोलचा डबा

काटोलच्या संत्राबागांमधून सातपुड्याकडे मोटारसायकलीने निघणाऱ्याने पहाटे 25 अंशांवर काठोकाठ भरलेला 5 लिटरांचा डबा दुपारी 45 अंशांना पोचला, की आतील पेट्रोल सुमारे 95 मिलिलिटरने फुगते व वाफेचा दाब झाकणावर येतो. म्हणून डब्याचा विसावा हिस्सा तरी रिकामा असावा. 1934 च्या पेट्रोलियम अधिनियमाने विक्रीसाठी नसलेले 30 लिटरपर्यंतचे पेट्रोल विनापरवाना बाळगण्याची मुभा दिली, ती काच, चिनीमाती वा धातूच्या घट्ट बंद पात्रांची अट घालूनच. पाण्याच्या प्लास्टिक बाटलीला तीत स्थान नाही, हे सर्वथा योग्य होय. धातूचा डबा भरताना गाडीवरून उतरवून भुईवर ठेवावा आणि पंपाच्या नळीचे तोंड त्याच्या काठाला टेकवावे, म्हणजे प्रवाहाच्या घर्षणाने साचणारी विद्युत ठिणगी न पाडता निघून जाते.