त्रागा : एका शब्दाची जामीनकी

घरात कुणी ताट सरकवून उठले की आपण म्हणतो, 'उगाच त्रागा करू नकोस.' चिडचिड आणि त्रागा यांत मात्र अंतर आहे. चिडचिड दुसऱ्यावर निघते. त्राग्यात माणूस स्वतःलाच शिक्षा करतो आणि तिचे ओझे समोरच्यावर टाकतो. हा अर्थ आला कोठून?

शब्दाची वाट गुजरात-काठियावाडात जाते. तेथे भाट-चारण व्यापाऱ्यांच्या तांड्यांना सोबत करीत, कर्जांना व करारांना जामीन राहत. तारण म्हणजे त्यांचे स्वतःचे रक्त! वचन मोडले गेले, की चारण कट्यारीने स्वतःला जखमी करी, प्रसंगी स्वतःचा किंवा घरातल्या कुणाचा जीव घेई. त्या हत्येचे पातक वचन मोडणाऱ्याच्या माथी बसते, ही लोकांची दृढ श्रद्धा. याचेच नाव त्रागा, गुजरातीत 'त्रागुं'. १८६० च्या भारतीय दंड संहितेत, कलम ५०८ खाली, दाराशी धरणे धरणाऱ्याच्या जोडीला स्वतःच्याच मुलाला मारण्याची धमकी देणाऱ्याचे उदाहरण होते, ते उगाच नव्हे.

बँकेत मी असंख्य जामीनपत्रे तपासली. हे तारण कोणत्याच रकान्यात बसले नसते.

निवृत्तीनंतर दुकानाच्या उधारीवरून मुलाशी माझा वाद झाला. दुसऱ्या दिवशी मी जेवलो नाही; उपवास आहे, असे सांगितले. मुलगाही ताटावर बसला नाही. सायंकाळी पत्नीने शांतपणे विचारले, "अहो, पच्चक्खाण कुणाकडून घेतलंत?"

मी मुलाला हाक मारली.