खर्जाची कमान

जुन्नर तालुक्यात आणे घाटाच्या वाटेवर, गुळुंचवाडीजवळ, ओढ्यावर एक दगडी पूल आहे. तो कोणी बांधलेला नाही. पाण्याने खालचा कातळ पोखरला आणि वर कमान उरली. माथ्यावरचा भार दोन्ही काठांवर जातो, म्हणून मधे टेकू लागत नाही. मिरजेच्या तंबोऱ्याची तबली, म्हणजे भोपळ्यावरची फळीही, अशाच फुगीरपणावर तारांचा दाब पेलते.

असाच फुगीर माथा घेऊन अमेरिकेत ऑर्व्हिल गिब्सन यांनी कोरीव मँडोलिनचं पेटंट १८९८ मध्ये घेतलं. पुढे व्हायोलिनसारख्या फुगीर माथ्याची आर्चटॉप गिटार रूढ झाली. पण त्याच घडणीची बेस गिटार करायची, तीही विजेशिवाय वाजणारी, म्हणजे कारागिराची कसोटी. तिच्या सर्वांत जाड तारेची कंपनं सेकंदाला सुमारे ४१, आणि हवेत त्या लहरीची लांबी आठ मीटरहून जास्त. मांडीवर मावणाऱ्या पेटीला एवढी लहर जोराने उठवता येत नाही. मग पेटी वाढवत न्यावी लागते.

तंबोऱ्याने हा प्रश्न फार सुंदर सोडवला आहे. काळी एकमध्ये गाणाऱ्या गायकाच्या तंबोऱ्याचा खर्ज, म्हणजे सर्वांत खालचा सा, सुमारे ६९ कंपनांचा. तोही भोपळ्याच्या मानाने खोलच, तरी मैफल भरून टाकतो.

मिरजेत हे काम एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून चालत आलं आहे. हत्यारं घडवणाऱ्या शिकलगार घराण्यातले फरीदसाहेब तंतुवाद्यांकडे वळले आणि गावाला नवा धंदा मिळाला. भोपळे येतात पंढरपूर-मंगळवेढ्याकडून, भीमेच्या खोऱ्यातून. आणि ही भीमा उगम पावते ती जुन्नर-आंबेगावच्या शेजारी, भीमाशंकरला. वाळलेला भोपळा कापून त्यावर किंचित फुगीर तबली बसवतात. तारा तबलीला बांधत नाहीत. त्या खाली लंगोटाला अडकवतात आणि तबलीवर बसवलेल्या घोडीवरून खुंट्यांकडे नेतात. आर्चटॉपच्या ताराही अशाच माथ्यापलीकडे अडकवलेल्या असतात. दोन्हीकडे तारांची ओढ घोडीला खाली दाबते आणि तो दाब फुगीर फळी झेलते.

खरी करामत मात्र घोडीच्या पाठीवर आहे. ती सपाट दिसते, पण तारेच्या दिशेने तिला अगदी हलका उतार असतो. छेडलेली तार त्या उतारावर पुन्हा पुन्हा टेकते, सुटते आणि स्वयंभू स्वरांचा, म्हणजे उपस्वरांचा, झोत उसळतो. हीच जवारी. एरवी तार जिथे छेडावी तिथे ज्यांचा स्थिर बिंदू येतो ते उपस्वर उमटू नयेत, असा नियम. तंबोऱ्यात ते स्पष्ट ऐकू येतात, हे चंद्रशेखर व्यंकट रामन यांनी १९२१ च्या निबंधात मांडलं. खर्जाची मूळ लहर क्षीण असली, तरी हे उपस्वर इतके भरघोस असतात की त्यांच्यावरून कान मूळ स्वर जुळवून घेतो. लाकूड न वाढवता खोली मिळते ती अशी.

जवारी काढणारा कारागीर कानशीने घोडी किंचित घासतो, तार छेडतो, ऐकतो, पुन्हा घासतो. उतार जास्त झाला तर स्वर बोदा होतो, कमी पडला तर तार नुसती झणझणते. शेवटचा केसभर फरक तारेखाली सुताचा दोरा, म्हणजे जीव, सरकवून साधतात. वापराने तार घोडीत खाच पाडते आणि जवारी बंद होते. मग घोडी पुन्हा कानशीखाली जाते. अशा कारागिरीतून घडणाऱ्या मिरजेच्या सतार-तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं.