चकाकणारा पत्रा का तापतो?

काळा रंग ऊन शोषून घेतो आणि पांढरा ते परतवतो, एवढं आपण सगळे शाळेत शिकलो आणि त्यावरच समाधान मानून मोठे झालो. बँकेत एखाद्यानं खात्याची जमेची बाजू तेवढी पाहिली आणि नावेची पाहिलीच नाही, तर त्याची धडगत नसते. उष्णतेच्या बाबतीत मात्र आपण सर्रास तेच करतो. वस्तू ऊन किती घेते एवढंच बघतो. घेतलेलं ती परत किती सोडते, याची चौकशीच करत नाही.

घेण्याची बाजू बेंजामिन फ्रँकलिननं मोठ्या गमतीनं तपासली होती. शिंप्याकडचे रंगीबेरंगी कापडाचे नमुने त्यानं उन्हातल्या बर्फावर मांडून ठेवले. काही तासांनी पाहिलं, तर काळा तुकडा सर्वांत खोल रुतलेला, गर्द निळा जवळजवळ तितकाच, फिकट निळा त्याहून कमी आणि पांढरा होता तिथंच. १७६१च्या एका पत्रात त्यानं हे लिहिलं आणि उष्ण प्रदेशात काळे कपडे नकोत, असा निष्कर्षही काढला. वाळवंटातल्या बेदुइनांनी मात्र तो मनावर घेतलेला दिसत नाही. त्यांच्या काळ्या झग्यांवर १९८० साली ‘नेचर’मध्ये एक अभ्यास आला. काळं कापड जास्त तापतं हे खरंच. पण झगा सैल, आत हवा खेळती, त्यामुळे अंगापर्यंत पोचणारी उष्णता पांढऱ्या झग्याइतकीच भरली.

सोडण्याची बाजू पाहिली ती स्कॉटलंडच्या जॉन लेस्लीनं. त्याचं पुस्तक १८०४चं. साधन म्हणाल तर पत्र्याचा एक चौकोनी डबा. त्यात गरम पाणी भरायचं. डब्याच्या एका बाजूला काजळी फासलेली, एकीवर कागद चिकटवलेला, एक नुसती लखलखीत. पाणी सगळ्यांमागे एकच. तरी काजळीची बाजू जेवढी उष्णता फेकते ती १०० धरली, तर पांढऱ्या कागदाची ९८ आणि चकचकीत पत्र्याची १२!

हे आकडे पुन्हा एकदा वाचावेत. काळा आणि पांढरा जवळजवळ बरोबरीत! कारण असं की, एवढ्यातेवढ्या तापलेल्या वस्तू जी उष्णता बाहेर टाकतात ती अवरक्त किरणांच्या रूपानं, आणि आपल्या डोळ्यांना दिसणारे रंग त्या किरणांच्या खिजगणतीत नाहीत. त्यांच्या लेखी पांढरा कागदही काळाच.

माझी बरीच नोकरी विदर्भ-मराठवाड्यात झाली. तिकडच्या एका शाखेवर जस्ताचा कोरा पत्रा होता. घरमालकाला त्याचा कोण अभिमान! ‘साहेब, आरसा आहे आरसा, ऊन टिकायचं नाही वर.’ मे महिन्यात आमचा कॅशियर डोक्यावर ओला पंचा घेऊन नोटा मोजायचा. कोरा पत्रा बरंचसं ऊन परतवतो, यात मालकाचं खरं होतं. पण जे थोडं घेतो ते सोडायला मागत नाही. पैसे भरता येतात, काढता येत नाहीत, असलं ते खातं. गंजल्यावर तर तो घेतोही जास्त. त्यावर पांढरा रंग दिला की दोन्ही बाजू सुधारतात: ऊन आणखी परततं आणि आत शिरलेली उष्णता रात्रंदिवस आकाशाकडे निघून जात राहते. रंग वरूनच द्यावा. खालची बाजू चकचकीत असेल तर तशीच राहू द्यावी. तिचा तो कंजूषपणा खाली बसलेल्यांच्या पथ्यावर पडतो.

गच्चीवरच्या सौर बंबात हाच कंजूषपणा मुद्दाम आणलेला असतो. त्याच्या चांगल्या पट्टीवरचा काळा थर ऊन पोटभर पितो, पण अवरक्त किरण फारसे सोडत नाही. म्हणजे काळेसुद्धा सगळे एका जातीचे नव्हेत.

आपल्यासारख्यांचा उन्हाळा पंखा-कूलरवर निभावतो. पण ज्या घरात दुपारी बाई पत्र्याखाली शिवणयंत्र चालवते आणि आढ्याला पाळणा टांगलेला असतो, तिथं दोन-चार अंशांचा फरक म्हणजे पोराची झोप. अहमदाबादेनं २०१७मध्ये वस्त्यांमधली छपरं पांढरी करायला घेतली, तेलंगणानं २०२३मध्ये त्यासाठी राज्याचं धोरणच आणलं. आपल्याकडे गच्चीला चुना मारण्याची रीत जुनी आहे. स्लॅबखाली राहणाऱ्यांना तेवढा पुरतो. शिमगा झाला की निवळ चुना घ्यावा, धरून राहावा म्हणून त्यात थोडा डिंक घालावा आणि दोन हात मारावेत. धूळ बसली की पांढरेपणाचा जोर कमी होतो, म्हणून एप्रिलअखेर गच्ची एकदा स्वच्छ करावी. पाण्याची ओरड असेल तिथं नुसती झाडली तरी चालेल.