शिपाई तोच, गणवेश निराळा

1893 साली लंडनमधील ब्रिटन या खेळणी बनविणाऱ्या कुटुंबाच्या पेढीने एक नवी युक्ती योजिली. त्या काळी इंग्लंडच्या बाजारात जर्मनीहून येणाऱ्या भरीव शिसे-सैनिकांचे वर्चस्व होते. वितळलेला मिश्रधातू साच्यात ओतावा आणि कडेचा थर गोठताच आतील पातळ धातू पुन्हा बाहेर काढून घ्यावा, अशी ही पोकळ ओतकामाची पद्धत होती. धातू वाचला, किंमत उतरली आणि परक्या मालाची सद्दी हळूहळू ओसरली. काटकसर हेच भांडवल कसे ठरते, याचे हे उत्तम उदाहरण होय.

एका पेटीत साधारणतः आठ पायदळी शिपाई किंवा पाच स्वार असत. 54 मिलिमीटर ही त्यांची उंची पुढे संग्राहकांचे प्रमाणच बनली. मुंबईच्या लान्सर्स स्वारांच्या व देशी पायदळाच्या प्रतिमाही या पेढीने काढल्या. तरीही प्रत्येक पलटण आणि प्रत्येक काळ पेटीत मिळणे शक्य नव्हते. जे बाजारात नाही ते हाती असलेल्यातून घडवावे, या विचारातून रूपांतराची कला वाढीस लागली.

या कामाला साधने थोडी आणि धीर फार लागतो. बारीक करवतीने मूळ शिर अलग करावयाचे, मानेत तारेची खुंटी बसवून दुसरे शिर जोडावयाचे, नको असलेली पिशवी वा पट्टा कानशीने उतरवावयाचा. कातडी पट्ट्यांसाठी पातळ कागद, कोटाच्या घोळासाठी इपॉक्सी पुट्टी. त्यावर अस्तराचा रंग आणि शेवटी बारीक कुंचल्याने गणवेश. कित्येकदा तर रंगच पुरेसा होतो. जुन्या ब्रिटिश पायदळाचे बहुतेक कोट लाल असत. पलटण ओळखावयाची ती कॉलर व बाह्यांच्या कफांवरील पिवळ्या, हिरव्या वा निळ्या रंगावरून. म्हणून कुंचला हाती घेण्यापूर्वी इतिहास वाचावा लागतो.

आणि तो इतिहास पुष्कळ काही शिकवितो. धुराने भरलेल्या रणांगणात आपला माणूस ओळखू यावा म्हणून भडक रंग उपयोगी होते. दूरवर मारा करणाऱ्या बंदुका आल्या आणि तेच रंग घातक ठरले. पेशावरला उभारलेल्या गाइड्स दलाने धुळीचा रंग स्वीकारला. ‘खाक’ म्हणजे धूळ, त्यावरून खाकी. फ्रेंच शिपाई मात्र 1914 सालीही लाल विजारी घालून युद्धावर गेला. ती विजार बदलण्यापूर्वी असंख्य तरुण धारातीर्थी पडले. छोट्या शिपायाची विजार रंगविणाऱ्या हाताला हे ठाऊक असले पाहिजे.

जैन घरात येथेच एक प्रश्न उभा राहतो. अहिंसा हा ज्याचा परम धर्म, त्याच्या मुलाने शिपाई हाती घ्यावा काय? यशोधर राजाची कथा आपल्याकडे सर्वश्रुत आहे. सोमदेवसूरींनी 959 साली ‘यशस्तिलक’ चंपूत ती विस्ताराने गुंफिली. जिवंत प्राणी मारावयाचा नाही म्हणून राजाने मातेच्या आग्रहाखातर पिठाचा कोंबडा बळी दिला, आणि मायलेकांना पशुयोनीत जन्म घ्यावे लागले. कोंबडा पिठाचा होता, परंतु मारण्याचा संकल्प खरा होता.

हाच निकष येथे लावावा. 1913 साली एच. जी. वेल्स यांनी ‘लिटल वॉर्स’ या पुस्तकात खेळण्यातील तोफेने शिपाई पाडण्याच्या खेळाचे नियम दिले. खऱ्या युद्धापेक्षा हे लुटुपुटीचे युद्ध बरे, अशी त्यांची भूमिका होती. पुढच्याच वर्षी महायुद्ध पेटले. पाडण्याच्या खेळात संकल्प कोणता, याचा विचार घरातील वडीलधाऱ्यांनी करावा. रूपांतर करणारा मात्र शिपायाला पाडत नाही. मोडका, टाकून दिलेला शिपाई तो उचलतो, त्याला नवे रूप देतो आणि कोण कोठे व कशासाठी लढला हे शोधतो. द्रव्य तेच, पर्याय निराळा, हे पाठशाळेत ऐकलेले तत्त्व त्याच्या मेजावर प्रत्यक्ष दिसते.

एक सावधगिरी अवश्य पाळावी. शिसे विषारी आहे. ब्रिटनमध्ये शिशाच्या अशा खेळण्यांचे उत्पादन 1966 साली थांबले. जुना शिसे-सैनिक मुलांच्या हाती देऊ नये, त्याची कीस घरात उडू देऊ नये. मुलांसाठी प्लॅस्टिकचे शिपाईच बरे. त्यांवर आधी सौम्य साबणाचा हात फिरवावा, म्हणजे रंग धरतो. मग कुंचला मुलाच्या हाती द्यावा, आणि शेजारी बसून त्या शिपायाची गोष्टही सांगावी.