थडगी दगडाची, घरे कुडाची

नागपूरहून काटोल रस्त्याने गोरेवाडा मागे टाकला की जुनापाणी लागते. तलावाकाठची प्रागैतिहासिक वस्ती बघायची म्हणून इथे येणाऱ्याची आधी निराशाच होते. घराचा पाया नाही, भिंत नाही. माळावर गवतातून डोके काढणारी काळ्या दगडांची सुमारे ३०० वर्तुळे तेवढी आहेत. जवळचा गोरेवाडा तलावही त्या लोकांनी पाहिलेला नाही. तो शहराला पाणी पुरवायला विसाव्या शतकात बांधला.

ही वर्तुळे म्हणजे थडगी. १८७९ साली रिव्हेट-कार्नॅक या इंग्रज अधिकाऱ्याने त्यांच्या उत्खननाची हकिगत छापली, तेव्हा लोक ती जुन्या गवळ्यांची मानत. १९६० च्या दशकात पुरातत्त्व खात्याने पुन्हा खोदकाम केले. काळ साधारण अडीच-तीन हजार वर्षांपूर्वीचा, लोहयुगाचा.

मग जिवंत माणसे राहत कुठे?

स्वित्झर्लंडमध्ये असाच प्रश्न दुष्काळाने सोडवला. १८५३-५४ च्या हिवाळ्यात झुरिकच्या सरोवराचे पाणी ओसरले आणि चिखलात अख्ख्या प्रागैतिहासिक वस्तीचे लाकडी खांब उघडे पडले. पाण्याखाली हवा पोचत नाही, म्हणून लाकूड कुजले नव्हते. विदर्भाच्या काळ्या मातीत ते भाग्य कुठले! ती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. खांब, कूड, छप्पर सगळे गिळून टाकते. थडग्याला दगड लावला म्हणून थडगे उरले.

तरी घरांचा माग लागला, तो पाण्याच्याच काठाने. पुरातत्त्वज्ञ शां. भा. देव यांनी टाकळघाटला वस्तीचे थर खोदले आणि जवळच्या खापा येथील वर्तुळांशी त्यांचा संबंध जोडला. पेंच नदीकाठच्या नायकुंडला १९७८ नंतरच्या उत्खननात लोखंड गाळण्याची भट्टी सापडली, वक्र विटांची. काटोल रस्त्यावरच्याच माहुरझरीत मौल्यवान दगडांचे मणी घडत. तिथल्या थडग्यांत घोडेही पुरलेले आढळले, डोक्यावर तांब्याची आभूषणे घातलेले. घोड्याला एवढा थाट करणारे लोक स्वतः मात्र कुडाच्या घरात राहत असावेत, ही गंमत इथल्या माळावर उभे राहिल्याशिवाय कळत नाही.

जुनापाणीला जायचे तर गवत वाळल्यावर, सकाळच्या तिरप्या उन्हात जावे. काही दगडांवर वाटीसारखे उथळ खळगे ओळीने कोरले आहेत. खगोलशास्त्रज्ञ मयंक वाहिया आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अशा दगडांच्या दिशा मोजल्या, तेव्हा ते वर्तुळात ठरावीक दिशांनाच बसवलेले दिसले. आकाशाशी त्यांचा काही संबंध होता का, यावर वाद आहे. भर दुपारी मात्र ते खळगे नजरेसही पडत नाहीत.