विश्लेषण : पुरस्कार आहेत, प्रदर्शने आहेत, मग गिरणगावातला तरुण चित्रकार अडतो कुठे?

सप्टेंबर २०२५ मध्ये वासुदेव गायतोंडे यांचे १९७० सालचे एक चित्र लिलावात ६७ कोटी रुपयांहून अधिक किमतीला विकले गेले. हे गायतोंडे वाढले गिरगावातल्या चाळीत. त्यामुळे बातमी आली की दक्षिण-मध्य मुंबईतल्या घराघरांत एक प्रश्न हमखास विचारला जातो : आपल्या लालबाग-परळमध्ये, दादर-गिरगावात आज चित्रे काढणाऱ्या मुलामुलींना अशी संधी आहे का? प्रदर्शने, पुरस्कार, शिष्यवृत्त्या तर दरवर्षी जाहीर होतात. मग गाडी अडते कुठे? 

गायतोंडे यांना नेमके काय मिळाले होते?

गायतोंडे यांचा जन्म १९२४चा, नागपूरचा. कुटुंब मूळ गोव्याचे. सर जे. जे. स्कूल ऑफ आर्टमधून त्यांनी १९४८ मध्ये पदविका घेतली. १९५७ मध्ये टोकियोतील तरुण आशियाई कलावंतांच्या प्रदर्शनात त्यांना पारितोषिक मिळाले. १९६४ मध्ये रॉकफेलर फेलोशिप मिळून ते न्यूयॉर्कला गेले. २०१४ मध्ये, म्हणजे निधनानंतर १३ वर्षांनी, न्यूयॉर्कच्या गुगेनहाइम संग्रहालयात त्यांच्या चित्रांचे मोठे प्रदर्शन भरले.

या यादीत एक गोष्ट सहसा सांगितली जात नाही. वॉर्डन रोडवर, म्हणजे आजच्या भुलाभाई देसाई मार्गावर, भुलाभाई मेमोरियल इन्स्टिट्यूट नावाची संस्था होती. १९५० च्या दशकात तेथे कलावंतांना नाममात्र भाड्याने काम करायला जागा मिळत असे. गायतोंडे तेथे चित्रे काढत, हुसेन तेथे असत. इब्राहिम अल्काझींचे नाटक गच्चीवर होत असे आणि पंडित रविशंकर यांची संगीतशाळाही त्याच वास्तूत होती. म्हणजे चाळीतल्या खोलीत जे मोठे कॅनव्हास मावले नसते, त्यांना मावेल अशी जागा या चित्रकाराला पारितोषिकाच्या आणि फेलोशिपच्या आधी मिळाली होती. आज त्या ठिकाणी उंच निवासी इमारत आहे.

‘जहांगीर’ची रांग एवढी लांब का?

चित्रकाराच्या घरी ‘प्रदर्शन’ म्हटले की पहिले नाव जहांगीर आर्ट गॅलरीचे येते. सर कावसजी जहांगीर यांच्या देणगीतून काळा घोडा येथे १९५२ मध्ये हे दालन उभे राहिले. येथे प्रदर्शन सहसा एक आठवडा चालते, मंगळवार ते सोमवार. कलाकार अर्ज करतो, निवड झाली की तारीख मिळते आणि ती तारीख कित्येक वर्षांनंतरची असू शकते.

यात कुणाचा दोष शोधण्याआधी साधा हिशेब करून पाहू. वर्षाचे आठवडे ५२. म्हणजे एका दालनात वर्षभरात जास्तीत जास्त ५२ प्रदर्शने. समजा, अशी चार दालने धरली तर २०८. आता समजा, रांगेत हजार जण आहेत. शेवटच्याचा नंबर लागायला जवळपास पाच वर्षे लागतील. (हे आकडे केवळ हिशेब समजण्यासाठी घेतले आहेत.) शहरात कला महाविद्यालयांतून दरवर्षी नवे पदवीधर बाहेर पडतात, बाहेरगावाहूनही अर्ज येतात, आठवडे मात्र ५२च राहतात.

परिणाम असा की २४व्या वर्षी अर्ज केलेल्याची चित्रे तिशीच्या आसपास भिंतीवर लागतात. तोवर अनेक जण शिकवणी, ॲनिमेशन, जाहिरात किंवा सिनेमाच्या सेटकडे वळलेले असतात. म्हणून जे. जे. तील किंवा प्रभादेवीच्या रचना संसदेतील शिक्षक विद्यार्थ्यांना शिक्षण संपता संपताच अर्ज करायला सांगतात, त्यात तथ्य आहे.

रांग टाळून भिंत कुठे मिळते?

पर्याय बरेच आहेत, पण प्रत्येकाची रीत वेगळी आहे.

महाराष्ट्र राज्य कला प्रदर्शन : कला संचालनालयातर्फे भरणारे हे प्रदर्शन विद्यार्थी आणि कलाकार अशा दोन स्वतंत्र विभागांत होते. रेखा व रंगकला, शिल्पकला, मुद्राचित्रण, उपयोजित कला यांसाठी पारितोषिके असतात. ज्येष्ठांसाठीच्या जीवनगौरव पुरस्काराला गायतोंडे यांचेच नाव दिलेले आहे.

कलासंस्थांची वार्षिक प्रदर्शने : बॉम्बे आर्ट सोसायटी १८८८ची, तर आर्ट सोसायटी ऑफ इंडिया १९१८ची. दोन्ही संस्था देशभरातून प्रवेशिका मागवतात. अमृता शेरगिल यांना १९३७ मध्ये बॉम्बे आर्ट सोसायटीचेच सुवर्णपदक मिळाले होते. येथे एका कलाकाराची एक-दोनच चित्रे लागतात. मात्र रांग नसते, निवड असते.

पावसाळी प्रदर्शन : नव्या कलाकारांसाठी जहांगीरमध्ये पावसाळ्यात समूह प्रदर्शन भरते. महाविद्यालयातून नुकत्याच बाहेर पडलेल्यांसाठी ही महत्त्वाची जागा आहे.

घराजवळची दालने : प्रभादेवीची पु. ल. देशपांडे महाराष्ट्र कला अकादमी नूतनीकरणानंतर २०२५ मध्ये पुन्हा खुली झाली. वरळीच्या नेहरू सेंटरमध्येही कलादालन आहे. लालबाग-दादरच्या कलाकाराला चित्रे काळा घोड्यापर्यंत टेम्पोने न्यावी लागत नाहीत, हा साधा पण खरा फायदा.

रस्त्यावरची जागा : काळा घोडा कला महोत्सव १९९९ पासून होतो आणि मांडणशिल्पांसाठी प्रस्ताव मागवतो. एरवीही जहांगीरबाहेरच्या पदपथावर चित्रकार आपली चित्रे लावून बसतात. तेथे दालनाचे दार ओलांडायला बिचकणारा माणूसही थांबून भाव विचारतो.

मुंबईबाहेर : कोची-मुझिरिस द्वैवार्षिकीसोबत २०१४ पासून विद्यार्थ्यांची स्वतंत्र द्वैवार्षिकी भरते. महाविद्यालयात असतानाच तिच्याकडे लक्ष ठेवावे.

महालक्ष्मी रेसकोर्सवर २०२३ पासून भरणाऱ्या ‘आर्ट मुंबई’ या मेळाव्याबद्दल मात्र गैरसमज नको. अशा मेळ्यांत जागा घेतात त्या प्रामुख्याने कलादालने. कलाकाराने स्वतःचा गाळा घेण्याचा हा बाजार नव्हे. पाहायला मात्र जरूर जावे. कोणते दालन कशा प्रकारचे काम दाखवते, हे एका दिवसात कळते.

प्रदर्शनाचा खर्च कोण करतो?

भाड्याच्या दालनात सगळा खर्च कलाकाराचा. भाडे, फ्रेम, वाहतूक, निमंत्रणपत्रिका, छोटा कॅटलॉग आणि आठवडाभर बुडालेली कमाई. एकही चित्र विकले गेले नाही तरी हे पैसे जातात.

खासगी दालन कलाकाराची निवड करते तेव्हा प्रदर्शनाचा खर्च बहुधा दालन उचलते आणि विक्रीतून वाटा घेते. हा वाटा निम्म्यापर्यंत असू शकतो. रक्कम ऐकून धक्का बसतो, पण जोखीम दालनाची असते. करार मात्र लेखी हवा : किती काळासाठी, पैसे किती दिवसांत, न विकलेली चित्रे परत कधी आणि कुणाच्या खर्चाने.

पुरस्कार खरा की विकाऊ, हे कसे ओळखावे?

मोबाइलवर रोज कुठल्या ना कुठल्या ‘राष्ट्रीय’ किंवा ‘आंतरराष्ट्रीय’ कला पुरस्काराची जाहिरात येते. त्यातले काही खरे असतात. काहींमध्ये शुल्क भरणाऱ्या प्रत्येकाला पदक मिळते. अर्ज करण्यापूर्वी पाच गोष्टी पाहाव्यात.

१. परीक्षक कोण, हे आधी किंवा निदान निकालासोबत जाहीर होते का?

२. शुल्क प्रवेशिकेचे आहे की ‘निवड झाल्यानंतरचे’? निवड झाल्याचे कळवून मग पैसे मागणारा पुरस्कार म्हणजे भाड्याची भिंतच. तिचा हिशेब भाड्यासारखाच करावा.

३. मागच्या तीन वर्षांचे विजेते आज काय करत आहेत? नावे शोधून पाहावीत.

४. चित्र परत मिळते का, वाहतुकीत फाटले तर जबाबदारी कुणाची?

५. पारितोषिकाच्या रकमेत चित्राची मालकी जाते का? काही पारितोषिके खरेदीची असतात. रक्कम चित्राच्या किमतीपेक्षा कमी असेल तर तो तोट्याचा सौदा.

यासोबत कायद्यातली एक गोष्ट लक्षात असू द्यावी. १९५७च्या कॉपीराइट कायद्यानुसार चित्र विकले तरी लेखी हस्तांतर केल्याशिवाय त्याचा कॉपीराइट सहसा चित्रकाराकडेच राहतो. विकत घेणाऱ्याला ते भिंतीवर लावता येते, त्याची कॅलेंडरे छापता येत नाहीत. याच कायद्याच्या कलम ५३-अ मध्ये मूळ चित्र दहा हजार रुपयांहून अधिक किमतीला पुन्हा विकले गेल्यास चित्रकाराला किंवा वारसांना वाटा मिळण्याची तरतूद आहे. हा वाटा कमाल दहा टक्के. प्रत्यक्षात ही तरतूद फारशी वापरली जात नाही. पण चित्र कधी, कुणाला, कितीला विकले याची नोंदच नसेल तर हक्क मागणार तरी कसा? साधी वही पुरते.

शिष्यवृत्तीत भागते का?

केंद्रीय सांस्कृतिक मंत्रालयाच्या योजनेत १८ ते २५ वयोगटातील तरुण कलाकारांना दोन वर्षे दरमहा ५ हजार रुपये शिष्यवृत्ती आहे. त्यात दृश्यकलाही येते. पुढे २५ ते ४० वयोगटासाठी कनिष्ठ फेलोशिप, दरमहा १० हजार रुपये, तीही दोन वर्षे. अर्ज करायलाच हवा, कारण रंग, कागद, कॅनव्हास यांचा खर्च त्यातून निघू शकतो.

खोलीचे भाडे मात्र निघत नाही. परळ, लालबाग किंवा दादरमध्ये काम करण्यापुरती जागा पाच-दहा हजारांत मिळवून दाखवा, असे कुणी म्हटले तर स्थानिक एजंट हसेल.

मग खरी अडचण कोणती?

समजा, लालबागच्या चाळीत दहा बाय बाराच्या खोलीत चौघांचे कुटुंब आहे. त्यातल्या मुलीला सहा फुटी कॅनव्हासवर काम करायचे आहे. टर्पेंटाइनच्या वासाने आजीला खोकला येतो. चित्र वाळायला आठवडा लागतो आणि रात्री त्याच जागी गाद्या पडतात. ही मुलगी छोट्या कागदावर काम करू लागते. त्यात वाईट काही नाही, पण आकाराची निवड तिची नसते, खोलीची असते.

राज्य प्रदर्शन, सोसायट्यांची पदके, शिष्यवृत्त्या या सगळ्या व्यवस्था तयार झालेल्या चित्राचा विचार करतात. चित्र तयार कुठे होणार, याचा विचार आज जवळपास कुणीच करत नाही. अपवाद झाले ते खासगी पुढाकारातून. माझगावात ‘स्पेस ११८’ने कलाकारांना स्टुडिओ दिले. कुलाब्यात २०१० मध्ये सुरू झालेल्या ‘क्लार्क हाऊस’ने तरुणांना एकत्र काम करायला आणि दाखवायला जागा दिली. क्लार्क हाऊसशी जोडलेल्यांपैकी अमोल पाटील रचना संसदेत शिकले. वडिलांची नाटके, आजोबांचे पोवाडे आणि मुंबईतले चाळीचे जगणे यांतून त्यांचे काम आले आणि २०२२ मध्ये ते जर्मनीतील कासेलच्या पंधराव्या ‘डॉक्युमेंटा’त पोहोचले. जगातल्या मोजक्या मोठ्या कलाप्रदर्शनांत ‘डॉक्युमेंटा’ची गणना होते.

गिरणगावात जागा नव्हती असे नाही. १९८२च्या संपानंतर गिरण्या एकामागोमाग बंद पडल्या. १९९१च्या विकास नियंत्रण नियमावलीत गिरण्यांच्या जमिनीची मोकळी जागा, परवडणारी घरे आणि मालक अशी ढोबळ तीन भागांत विभागणी होती. २००१च्या दुरुस्तीने ही वाटणी फक्त रिकाम्या जमिनीपुरती उरली आणि सार्वजनिक वाटा आक्रसला. उंच छताच्या, उत्तरेचा प्रकाश घेणाऱ्या त्या शेड स्टुडिओसाठी याहून योग्य सापडल्या नसत्या. सुधीर पटवर्धन यांनी २००१ मध्ये ‘लोअर परळ’ हे चित्र रंगवले. चित्रांत गिरणगाव आले, गिरणगावात चित्रकारांसाठी जागा मात्र राखली गेली नाही.

उपाय आहे का?

आहे आणि त्याचा नमुना याच भागात दरवर्षी दिसतो. गणेशोत्सवाआधी परळ-लालबागच्या रस्त्यांकडेला मूर्तिशाळांचे मंडप उभे राहतात. अलीकडे मुंबई महापालिका शाडूच्या मूर्ती घडवणाऱ्यांना मोफत माती आणि मोफत जागाही देते. म्हणजे ‘कारागिराला काही महिन्यांसाठी सार्वजनिक जागा’ हे तत्त्व पालिकेने मान्य केलेले आहे.

तेच तत्त्व पुढे नेता येईल. पालिका शाळांचे रिकामे वर्ग, समाजमंदिरे, पुनर्विकासात पालिकेच्या ताब्यात येणाऱ्या सुविधा जागा यांपैकी प्रत्येक विभागात दोन-तीन खोल्या सहा-सहा महिन्यांसाठी कलाकारांना नाममात्र भाड्याने द्याव्यात. मोबदल्यात कलाकाराने महिन्यातून दोन रविवार परिसरातल्या मुलांना शिकवावे. यासाठी नवी इमारत लागत नाही. निवडीचे नियम, पारदर्शक यादी आणि वेळेवर खोली रिकामी करून घेणारी शिस्त लागते.

तोवर तरुण कलाकारांनी करायचे ते एवढेच : जहांगीरचा अर्ज आजच भरावा, त्याच्या उत्तराची वाट पाहत बसू नये. राज्य प्रदर्शन आणि दोन्ही सोसायट्यांच्या मुदती मोबाइलच्या कॅलेंडरमध्ये टाकाव्यात. तिघे-चौघे मिळून एखादी खोली भाड्याने घेता येते का पाहावे. आणि नगरसेवक दारात मत मागायला आला, तर पाणी आणि गटाराच्या जोडीला एका खोलीची मागणीही त्याच्या कानावर घालावी.